संगणकाच्या पोटातल्या खिडक्या

मोडलेली वस्तू बदलावी, हे कोणालाही पटते. परंतु जी वस्तू चालते आहे, वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते आहे, तीच कोणी उचलून बाजूला ठेवू लागला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? रिकामटेकडा म्हणाल ना! लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या मंडळींनी २०२० सालच्या अखेरीस नेमका हाच उद्योग आरंभला. ‘केमॅप’ आणि ‘केमॅप ॲटॉमिक’ अशी दोन जुनी फंक्शने, म्हणजे ठरावीक काम करून देणारे आज्ञांचे तयार संच, त्यांनी निवृत्त करायचे ठरवले. पुढे कित्येक वर्षे शेकडो ठिकाणी हात घालून, एकेक ओळ वाचून, हे काम चालले.

ही मंडळी रिकामटेकडी नव्हती. त्यांनी असे का केले, हे समजून घ्यायचे तर आपल्याला संगणकाच्या पोटात शिरावे लागेल. तेथे आपल्याला भेटेल ती एका टंचाईची गोष्ट. गंमत अशी की, ही टंचाई जागेची नव्हती, पत्त्यांची होती.

पूर्वी लहान गावांत टेलिफोनचे क्रमांक चार आकडी असत. चार आकड्यांत ०००० पासून ९९९९ पर्यंत फक्त १०,००० क्रमांक बसतात. गावात दहा हजार एकावे घर झाले आणि त्याने टेलिफोन विकत आणला, तरी त्याला क्रमांक कुठून देणार? यंत्र आहे, तार आहे, पण नंबर नाही. संगणकाच्या स्मृतीचे, म्हणजेच मेमरीचे, अगदी असेच आहे. स्मृतीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, तो त्याचा पत्ता. इंटेल कंपनीच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रोसेसरात हा पत्ता ३२ बिटांचा होता. बिट म्हणजे ० किंवा १. तेव्हा २ ला २ ने गुणत ३२ दुणे पुरे करा. उत्तर येईल ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे ४ गिगाबाइट. यापलीकडचा पत्ता या यंत्राला उच्चारताच येत नाही.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. एखादा कार्यक्रम ‘अमुक पत्त्यावरचा बाइट दे’ असे म्हणतो, तेव्हा तो पत्ता खरा नसतो. प्रोसेसर एका नोंदवहीत पाहतो, ‘या नावाचे पान प्रत्यक्षात कोठे आहे?’ आणि मग खऱ्या जागी जातो. स्मृतीची अशी पाने पाडलेली असतात आणि एका पानात ४,०९६ बाइट मावतात. नोंदवहीत नावाच्या पत्त्यापुढे खऱ्या पानाची जागा लिहिणे, यालाच मेमरी मॅपिंग म्हणतात. आपण त्याला जोडणी म्हणू. नोंदवहीत जोडणी नसेल, तर ते पान यंत्रात असूनही प्रोसेसरच्या दृष्टीने नाहीच!

मालक, पण आंधळा

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. (लष्करातला कर्नल वेगळा. हा इंग्रजी शब्द फळाच्या बीमधल्या गरासाठी वापरतात.) स्मृतीची वाटणी, फायली, डिस्क, पडदा, सगळ्यांचा कारभार कर्नलकडे असतो. तुमचा कार्यक्रम चालू असताना वारंवार कर्नलला हाक मारतो आणि दर वेळी नोंदवही बदलण्यात वेळ जाऊ नये, म्हणून एक युक्ती केलेली असते. ४ गिगाबाइट पत्त्यांपैकी खालचे ३ गिगाबाइट कार्यक्रमाला द्यायचे आणि वरचा १ गिगाबाइट कायमचा कर्नलसाठी राखून ठेवायचा. ३२ बिटांच्या लिनक्समध्ये सामान्यतः अशीच वाटणी असे. कर्नलच्या या १,०२४ मेगाबाइटांपैकी ८९६ मेगाबाइट पत्ते खऱ्या स्मृतीच्या पहिल्या ८९६ मेगाबाइटांशी कायमचे जोडलेले असत. उरलेले १२८ मेगाबाइट किरकोळ आणि तात्पुरत्या जोडण्यांसाठी.

हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतले, तेव्हा घरगुती संगणकात मोजक्या मेगाबाइटांची स्मृती असे. ८९६ मेगाबाइट म्हणजे पैलतीर दिसू नये इतके पाणी! पण दहा वर्षे गेली नाहीत तोच मोठ्या संगणकांत १ गिगाबाइट, २ गिगाबाइट स्मृती बसू लागली. आता काय करायचे? समजा यंत्रात २ गिगाबाइट म्हणजे २,०४८ मेगाबाइट स्मृती आहे. त्यातली ८९६ मेगाबाइट कर्नलला दिसते. उरलेली १,१५२ मेगाबाइट त्याच्याच मालकीची, पण त्याला दिसत नाही. या न दिसणाऱ्या भागाला ‘हाय मेमरी’ असे नाव पडले. ही स्मृती वाया घालवायची नसेल, तर तिच्यात डोकावायला खिडकी हवी.

‘केमॅप’ ही ती खिडकी. कर्नलच्या राखीव पत्त्यांतला एक पत्ता घ्यायचा, हव्या असलेल्या वरच्या पानाशी तो जोडायचा, काम करायचे आणि जोडणी सोडून द्यायची. २००१ च्या जानेवारीत लिनक्सची २.४ ही आवृत्ती निघाली, तिच्यात ही सोय होती. अशा खिडक्या किती? १,०२४. हा आकडा असाच का, हे पाहण्यासारखे आहे. नोंदवहीतली एक नोंद ४ बाइटांची. नोंदवहीही स्मृतीच्याच पानांवर लिहिलेली असते, आणि एका पानावर ४,०९६ भागिले ४ म्हणजे १,०२४ नोंदी मावतात. म्हणजे खिडक्यांसाठी नोंदवहीचे बरोबर एक पान दिले होते. पुढे ४ गिगाबाइटहून जास्त स्मृती जोडता यावी म्हणून काही यंत्रांत नोंद ८ बाइटांची करावी लागली. पान तेच, नोंदी दुप्पट लांब! म्हणजे स्मृती वाढली आणि खिडक्या मात्र निम्म्या, ५१२ झाल्या.

आपल्या २ गिगाबाइटच्या यंत्राचे गणित करू. १ मेगाबाइटात २५६ पाने. १,१५२ मेगाबाइटांत २,९४,९१२ पाने. खिडक्या १,०२४. एका खिडकीमागे २८८ पाने.

रांग लागली

या खिडक्या साऱ्या यंत्राला मिळून सामाईक होत्या. प्रोसेसर दोन असोत की आठ, सगळे त्याच १,०२४ खिडक्यांवर. कोणती खिडकी रिकामी आहे हे पाहताना दोघांनी एकीवरच हात ठेवू नये, म्हणून एक कुलूप. एकाने कुलूप घेतले की बाकीचे थांबले. सगळ्या खिडक्या भरल्या असतील, तर येणाऱ्याने झोपून राहायचे, कोणी सोडील तेव्हा उठायचे. आता अशी कल्पना करा की, एका कामाला दोन खिडक्या हव्या आहेत, एकीतून वाचायचे आणि दुसरीतून लिहायचे. अशा पुष्कळ कामांनी एकेक खिडकी धरली आणि दुसरीची वाट पाहत सारीच बसली. कोणीच सोडत नाही, कोणालाच मिळत नाही. यंत्र जागच्या जागी थिजले!

दुसरी अडचण आणखी खोल आहे. प्रोसेसरला दर वेळी नोंदवही उघडून पाहणे परवडत नाही. म्हणून अलीकडे पाहिलेल्या जोडण्यांची एक चिठ्ठी तो आपल्या खिशात ठेवतो. तिला टीएलबी म्हणतात. खिडकी एका पानावरून काढून दुसऱ्या पानावर लावली आणि एखाद्या प्रोसेसरच्या खिशात जुनीच चिठ्ठी राहिली, तर तो खुशाल जुन्या पानावर लिहील. तुमच्या निबंधाची ओळ भलत्याच्याच हिशेबात जाऊन पडेल. म्हणून खिडकीची जोडणी बदलण्यापूर्वी सगळ्या प्रोसेसरांना हातातले काम थांबवून ‘खिशातली चिठ्ठी फाडा’ असे सांगावे लागते. हे इतके महाग पडते की, ‘केमॅप’ ते दर वेळी करतच नसे. आपण घरात रद्दी साठवून एकदमच रद्दीवाल्याला देतो ना, तशा सोडून दिलेल्या जोडण्या तो साठवून ठेवी आणि सर्व खिडक्यांची एक फेरी पुरी झाली की एकदम साऱ्यांची साफसफाई करी. प्रोसेसरांची संख्या जशी वाढली, तशी ही साफसफाई जास्तच जाचक होत गेली.

यावरचा तोडगा म्हणजे ‘केमॅप ॲटॉमिक’. येथे प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या स्वतःच्या थोड्या खिडक्या दिल्या. रांग नाही, कुलूप नाही, दुसऱ्या कोणाच्या खिशातली चिठ्ठी फाडायला नको. काम झटपट. पण अट मोठी कडक. खिडकी उघडी असेपर्यंत जागचे हलायचे नाही! ताटावर बसलेल्या व्रतस्थाने जेवण संपेपर्यंत उठायचे नाही, तसे. साधारणपणे कर्नल एक काम मध्येच थांबवून दुसरे निकडीचे काम पुढे घेतो. ती सोय येथे बंद. तसेच हवे असलेले एखादे पान त्या क्षणी स्मृतीत नसेल, तर ते डिस्कवरून आणवण्याची एरवी व्यवस्था असते. तीही बंद, कारण डिस्क म्हणजे वाट पाहणे आले आणि वाट पाहणे म्हणजे ताटावरून उठणे आले. नक्कल अर्धवट राहिली तरी चालेल, पण उठायचे नाही.

सुरुवातीला या खिडक्यांना नावेही होती आणि कोणत्या नावाची खिडकी वापरायची ते लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. एकाने उघडलेली खिडकी त्याच प्रोसेसरवरच्या दुसऱ्या आज्ञेने चुकून त्याच नावाने उघडली, की पहिल्याचे दृश्य पुसले जाई. २०१० च्या सुमारास ही नावे हद्दपार झाली, हे बरेच झाले.

टंचाई संपली, शिधापत्रिका राहिली

२००३ साली एएमडी कंपनीचे ६४ बिटांचे प्रोसेसर बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरचे संगणक ६४ बिटांचे झाले. २ चा ६४ वा घात ही संख्या २० आकडी आहे. एवढे सारे पत्ते प्रत्यक्षात कोणी वापरत नाही, पण आता कर्नलला यंत्रातली सगळी स्मृती कायमची जोडून ठेवता येते. खिडकी नको, रांग नको. तरीही कर्नलच्या कोडात हजारो ओळींत ‘खिडकी उघड, खिडकी लाव’ असे लिहिलेले राहिलेच. तेच कोड ३२ बिटांच्या लहान यंत्रांवरही चालवायचे होते.

येथेच खरी मेख आहे. ६४ बिटांच्या यंत्रावर ‘केमॅप ॲटॉमिक’ खिडकी उघडत नसे, पण न उठण्याचे व्रत मात्र घेत असे! कारण तेच कोड दोन्हीकडे सारखे वागायला हवे. धान्य मुबलक झाले तरी शिधापत्रिका घेऊन रांगेत उभे राहायचे, त्यातला हा प्रकार. ज्यांच्याकडे टंचाई नव्हती, ते टंचाईची किंमत मोजत होते. एखाद्या कारखान्यातला यांत्रिक हात ठरलेल्या क्षणी थांबलाच पाहिजे, अशा ठिकाणी लिनक्स वापरायचे म्हटले, तर ‘मी आता उठणार नाही’ म्हणणारा कोडाचा प्रत्येक तुकडा आड येतो. अशा वक्तशीर लिनक्ससाठी जर्मनीचे थॉमस ग्लाइक्सनर यांनी आपली बरीच वर्षे खर्ची घातली आहेत. त्यांनीच २०२० मध्ये तिसरा मार्ग मांडला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निघालेल्या ५.११ या आवृत्तीत तो दाखल झाला. त्याचे नाव ‘केमॅप लोकल पेज’.

कल्पना साधी आहे. आजवर खिडकी साऱ्या यंत्राची होती, नाही तर एका प्रोसेसरची होती. ती कामाची का असू नये? प्रत्येक कामाने आपण उघडलेल्या खिडक्यांची यादी स्वतःजवळ बाळगायची. ते काम मध्येच थांबवायचे झाले, तर कर्नल त्याच्या खिडक्या बंद करतो. पुन्हा त्याची पाळी आली की यादी पाहून त्याच जागी त्याच खिडक्या पुन्हा उघडून देतो. कामाला पत्ताही लागत नाही की, मध्यंतरी त्याच्या खिडक्यांतून दुसरेच कोणी पाहून गेले. जागा बदलू नये म्हणून खिडकी उघडी असेपर्यंत ते काम त्याच प्रोसेसरवर ठेवतात, एवढेच बंधन. ताटावरून उठता येते, ताट तसेच राहते! आणि ६४ बिटांच्या यंत्रावर? तेथे काहीच करायचे नाही. पानाचा कायमचा पत्ता हातात द्यायचा, झाले. व्रत नाही, अट नाही.

दोन शिस्ती मात्र पाळाव्या लागतात. पहिली बांगड्यांची. हातात शेवटी चढवलेली बांगडी आधी निघते, तशी शेवटी उघडलेली खिडकी आधी बंद करायची. दुसरी अशी की, आपल्या खिडकीचा पत्ता दुसऱ्या कामाला द्यायचा नाही. ती खिडकी आपण चालू असतानाच खरी असते. दुसरा तेथून पाहील तेव्हा त्याला भलतेच दिसेल.

मग नुसते नाव का बदलू नये?

तुम्ही म्हणाल, यात कठीण ते काय? सगळ्या कोडात जुने नाव शोधायचे आणि नवे घालायचे. संगणक हे काम क्षणात करील. करील खरे, पण त्यानंतर तुमच्या डिस्कवर काय लिहिले जाईल याची हमी कोणी देणार नाही.

कारण असे पाहा. ‘केमॅप ॲटॉमिक’ वापरणाऱ्या एखाद्या लेखकाला खिडकी हवी होती, न उठण्याचे व्रत आपोआप मिळाले. पुढे त्या व्रताच्या भरवशावर त्याने, किंवा त्याच्यानंतर आलेल्याने, आणखी चार ओळी लिहिल्या. ‘येथे मध्येच कोणी येणार नाही’ असे धरून. तसे कोठेही लिहिलेले नाही. आता नवे फंक्शन घातले की खिडकी मिळेल, पण व्रत सुटेल आणि त्या चार ओळी उघड्या पडतील. म्हणून बदलणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचे, ‘याला फक्त खिडकी हवी होती की व्रतही?’ व्रतही हवे असेल, तर ते आता वेगळ्या ओळीत उघड लिहायचे. मला या साऱ्या खटाटोपातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मुक्याने गृहीत धरलेली गोष्ट बोलकी झाली.

जुन्या ‘केमॅप’ची ठिकाणे वेगळ्या तऱ्हेने अवघड. जुन्या खिडक्या सामाईक असल्याने काही कोडे एका कामात खिडकी उघडत आणि तिचा पत्ता दुसऱ्याला देत. तेथे नवे फंक्शन चालायचेच नाही, कोडाची मांडणीच बदलावी लागते. काही ठिकाणी खिडक्या बंद करण्याचा क्रम बांगड्यांसारखा नव्हता, तो उलटा करावा लागला. आणखी एक फरक आहे. जुनी खिडकी बंद करताना पान कोणते ते सांगावे लागे, नवी बंद करताना खिडकीचा पत्ता सांगावा लागतो. दिसायला क्षुल्लक! पण पुष्कळ फाइल सिस्टिमांत पान एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे जात असे आणि पत्ता मागेच राहत असे. आता पत्ताही बरोबर पाठवायला हवा, म्हणून ती सारी साखळी उसवून पुन्हा शिवावी लागली. आणि काही ठिकाणी तर मौज झाली. पाहतात तो जी पाने मागवलेली आहेत, ती वरच्या स्मृतीतून कधी येऊच शकत नाहीत. म्हणजे इतकी वर्षे तेथे खिडकी भिंत नसलेल्या जागी उभी होती! ती सरळ काढून टाकली.

उलट अगदी सोपी ठिकाणेही पुष्कळ निघाली. खिडकी उघडायची, आत नक्कल करायची, लगेच बंद करायची, एवढेच तेथे काम असे. अशांसाठी हे तिन्ही टप्पे एकत्र करणारी छोटी फंक्शने तयार केली. खिडकी बंद करायला विसरण्याची भीतीच उरली नाही.

एवढे करून चूक राहिली तर? तिचे दुष्टपण असे की, बदल करणाऱ्याच्या स्वतःच्या ६४ बिटांच्या यंत्रावर ती दिसतच नाही. तेथे खिडक्याच नसल्याने चुकीची खिडकीही नसते. चूक उगवणार दूर कोठे तरी, एखाद्या जुन्या ३२ बिटांच्या यंत्रावर, आणि तीही गुपचूप एखादी फाइल बिघडवून. म्हणून ही मंडळी मुद्दाम टंचाई निर्माण करीत. आपल्या संगणकाच्या आत आज्ञावलीच्या बळावर एक ३२ बिटांचे काल्पनिक यंत्र उभे करायचे, त्याला ६ गिगाबाइट स्मृती द्यायची, म्हणजे बहुतेक सारी स्मृती कर्नलच्या नजरेआड जाते. आणि मग त्यात फाइल सिस्टिमच्या चाचण्या चालवायच्या. शिवाय कर्नलमध्ये एक कळही ठेवली आहे. ती लावली की गरज नसतानाही प्रत्येक पानासाठी खरोखरीची तात्पुरती खिडकी उघडली जाते, आणि कोणी बांगड्यांचा क्रम मोडला किंवा पत्ता इकडेतिकडे दिला तर तेथल्या तेथे पकडला जातो.

वक्तशीर लिनक्स हे २०२४ च्या नोव्हेंबरात निघालेल्या ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नलचा भाग झाले. तोवर असली कितीतरी व्रते एकेक करून सोडवावी लागली होती.

तुमच्या शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल, तर एक गोष्ट पाहता येईल. त्यात ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरात ‘मेमइन्फो’ नावाची फाइल असते. शिक्षकांच्या मदतीने ती उघडा. पहिल्या ओळीत एकूण स्मृती किलोबाइटांत दिलेली असते. आता ‘हायटोटल’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. ६४ बिटांच्या यंत्रावर ती सापडणार नाही. अडगळीतल्या एखाद्या ३२ बिटांच्या यंत्रावर सापडली, तर त्या आकड्याला ४ ने भागा. कर्नलला न दिसणाऱ्या पानांची ती संख्या. तिला १,०२४ ने भागून पाहा, जुन्या दिवसांत एका खिडकीमागे किती पाने रांगेत उभी होती ते कळेल.